शिनकावातला भाडेकरू

जपानचं कोबे हे बंदर रोक्कोचे डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. १८६८ साली ते परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि डोंगराच्या उतारावर, कितानो भागात, गोऱ्या व्यापाऱ्यांचे बंगले उठले. आज पर्यटक ते कौतुकाने पाहतात. उतार संपवून समुद्राकडे आलं आणि इकुता नदीच्या पूर्वेला वळलं की शिनकावा लागे. गोदीतले हमाल, हातगाडी ओढणारे, भंगार वेचणारे, भिकारी, जुगारी, शरीर विकणाऱ्या बायका, रोजंदारी न मिळाल्याने दारात बसून राहिलेले, अशी हजारो माणसं तिथे बैठ्या चाळींमधून दाटीवाटीने राहत. नळ सामाईक, संडास सामाईक, उवा-ढेकूणही सामाईक.

१९०९ सालच्या २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, धर्मशास्त्र शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी हातगाडीवर कपडे आणि पुस्तकं लादून या वस्तीत राहायला आला. त्याचं नाव तोयोहिको कागावा. त्याला खोली स्वस्तात मिळाली, कारण तिथे एकाचा खून झाला होता आणि त्या माणसाचं भूत रात्री फिरतं अशी चाळीची खात्री होती. जागा म्हणाल तर पाच चटया अंथरल्या की संपली.

आपल्याकडे मिशन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मिशन बंगला. नगर, सातारा, मिरज, कुठेही जा. उंच जोतं, रुंद व्हरांडा, आंब्याची झाडं, मागे नोकरांच्या खोल्या. त्या बंगल्यातल्या माणसांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, प्लेगात आणि दुष्काळात जीव ओतून काम केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संध्याकाळी ती माणसं बंगल्यात परतत. वस्ती आणि बंगला यांच्यामध्ये फाटक होतं. कागावाने ते फाटकच काढून टाकलं. त्यातून त्याला काय साधलं आणि काय साधलं नाही, या दोन्हींचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

खोलीत आल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्याकडे पाहुणे जमू लागले. आधी आला अंगभर खरूज झालेला एक माणूस. कागावाने त्याला घेतलं, आणि खरूजही घेतली. मग एक दारुडा आला. मग खुनाची शिक्षा भोगून सुटलेला एकजण. मारलेल्या माणसाचं भूत छळतं म्हणून त्याला एकट्याला झोप येत नसे. कागावाचा हात हातात धरला तरच तो झोपे, असं चरित्रकार सांगतात. विद्यार्थी म्हणून महिन्याला मिळणाऱ्या अकरा येनमध्ये ही सगळी तोंडं भरायची होती. भाताची पेज पातळ होत गेली. वरकमाई म्हणून त्याने धुराडी साफ करण्याचं काम धरलं.

शिनकावाने त्याला जे दाखवलं त्यात सर्वांत भयंकर होता लहान मुलांचा व्यवहार. लग्नाबाहेर जन्मलेलं मूल कोणीतरी रोख रक्कम देऊन 'सांभाळायला' सोपवी. घेणारा त्यातली काही रक्कम स्वतःकडे ठेवून उरलेल्या पैशांत ते मूल पुढच्याला देई. पुढचा त्याच्या पुढच्याला. हात बदलत बदलत मूल वस्तीतल्या सर्वांत गरीब बाईपाशी पोचे तोवर रक्कम दोन-चार येनवर आलेली असे. दुधाचा प्रश्नच नव्हता. पातळ पेजेवर ते मूल काही आठवडे जगे आणि मरे. हा खून होता आणि वस्तीत प्रत्येकाला तो ठाऊक होता, पण त्याला एक खुनी नव्हता. साखळीतल्या प्रत्येकाने थोडा थोडा केला होता आणि शेवटची बाई स्वतःच उपाशी होती. वस्तीतल्या पहिल्या वर्षात कागावाने जे अंत्यविधी केले त्यांत अशी मुलं बरीच होती. ओइशी नावाची अशीच एक तान्ही मुलगी त्याने उचलून आणली आणि पेजेवर, दुधावर, रात्ररात्र जागून सांभाळली. धर्मशास्त्राच्या विद्यालयात पापाची व्याख्या शिकवतात. या साखळीत पाप नेमकं कोणाच्या नावावर मांडायचं, हे त्या व्याख्येत बसत नव्हतं.

तो इथे का आला, याचं उत्तर त्याच्या जन्मात शोधणारे पुष्कळ आहेत, आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. १८८८ साली तो याच कोबेत जन्मला. वडील जहाज-वाहतुकीच्या धंद्यातले, आई गेशा, लग्नाची नव्हे. तो चार वर्षांचा असताना लागोपाठ दोघंही गेली. तेव्हा त्याला वडिलांच्या लग्नाच्या बायकोकडे, तोकुशिमाकडच्या गावी, पाठवण्यात आलं. सवतीचं पोर म्हणून जे वाट्याला यायचं ते सगळं आलं. तोकुशिमात इंग्रजी शिकवणाऱ्या लोगन आणि मायर्स या अमेरिकी मिशनऱ्यांनी त्याला माया लावली आणि १९०४ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी हात काढून घेतला. पुढे क्षय जडला, इतका की वाचण्याची आशा उरली नव्हती. मरायचंच असेल तर गरिबांत जाऊन मरू, असा हिशेब करून तो शिनकावात आला, असं त्याने स्वतः पुढे सांगितलं. मला हा हिशेब तरुण वयाला शोभणारा आणि थोडा नाटकी वाटतो. नशीब असं की तो मेला नाही; १९६० पर्यंत जगला, आणि त्या नाटकाचा उरलेला प्रयोग त्याला रोज करावा लागला.

तो प्रयोग स्वस्त नव्हता. वस्तीत खुपऱ्या घरोघर होत्या. त्या त्याच्या डोळ्यांना लागल्या आणि नजर जन्मभरासाठी अधू झाली. एका दारुड्याने पैशासाठी मारलेल्या ठोशात दात गेले. सुरे, पिस्तुलं दाखवून धमक्या नेहमीच्याच. १९१३ मध्ये त्याने हारु शिबा या छापखान्यात काम करणाऱ्या मुलीशी लग्न केलं आणि लग्नाची मेजवानी वस्तीतल्या लोकांना दिली. नवरी आली ती त्याच खोलीत. तिलाही खुपऱ्यांनी गाठलं आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. कागावावरच्या लिखाणात हारुला दोन-चार ओळी मिळतात, आणि त्याही 'साथ दिली' या शब्दांच्या. तिने नवऱ्यामागे शिक्षण पुरं केलं, १९२१ मध्ये कामकरी बायकांची संघटना उभारली, आणि नवरा व्याख्यानांसाठी जगभर फिरत असताना घर व संस्था दोन्ही चालवल्या. भुताच्या खोलीत संसार थाटण्याचा निर्णय नवऱ्याने आधीच घेऊन ठेवला होता. तो निभावायचा मात्र तिला होता.

वस्तीसाठी त्याने सुरुवातीला जे जे काढलं, त्यातलं बरंच बुडालं. स्वस्त खाणावळ काढली, तिचं नाव स्वर्गाच्या नावाने ठेवलं. लोक जेवून पैसे न देता जाऊ लागले, आणि स्वर्ग काही महिन्यांत बंद पडला. पुढे दात घासण्याच्या ब्रशांचा कारखाना काढला. तोही टिकला नाही. दवाखाना, रात्रीची शाळा, रविवारची प्रार्थना चालत राहिली. पण खाणावळ का बुडाली, हा प्रश्न त्याने सोडला नाही, आणि त्याचं खरं मोठेपण मला तिथे दिसतं. वस्तीच्या लेखी ती खाणावळ 'त्या येशूवाल्याची' होती. देणारा एक आणि खाणारे शंभर. देणाऱ्याला फसवण्यात कोणालाही काही वावगं वाटत नाही.

१९१४ ते १९१६ तो अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकायला होता. न्यू यॉर्कमध्ये त्याने कपडे शिवणाऱ्या कामगारांचा मोर्चा पाहिला. हजारो माणसं, भीक मागणारी नव्हे, हक्क मागणारी. १९१७ मध्ये परतला तो शिनकावातच, पण विचार पालटून. एका खोलीत चार माणसं पोसून वस्ती आटत नाही. गोदीतली मजुरी वाढल्याशिवाय, तांदळाचा भाव ताब्यात आल्याशिवाय तिच्यात रोज नवी माणसं भरती होत राहणार. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, तांदळाच्या भावावरून जपानभर दंगे उसळले आणि कोबेत सुझुकी या बड्या व्यापारी पेढीचं कार्यालय जमावाने जाळलं. कागावाचं गणित प्रवचनातून पटलं नसतं ते आगीने पटवलं.

१९२० मध्ये त्याची आत्मचरित्रात्मक कादंबरी आली. तिच्या नावाचा अर्थ 'मरणरेषा ओलांडून'. त्या काळातल्या जपानमधलं ते सर्वांत जास्त खपलेलं पुस्तक ठरलं. तिच्या आणि पुढच्या भागांच्या लाखो प्रती गेल्या. पैसा आला तसा संघटनांत गेला. १९२१ च्या उन्हाळ्यात कोबेच्या कावासाकी आणि मित्सुबिशी गोद्यांमध्ये तीस हजारांवर कामगारांचा संप झाला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा जपानमधला हा सर्वांत मोठा संप. त्याच्या आघाडीवर हा पाद्री होता. सरकारने त्याला तुरुंगात टाकलं आणि संप हरला. दुसऱ्या वर्षी याच कोबेत त्याने सुगियामा मोतोजिरो या सहकाऱ्याबरोबर जपानची शेतकरी संघटना स्थापली, ती मुख्यतः कुळांची होती.

त्याच १९२१ साली एक श्रीमंत व्यापारी त्याच्याकडे आला. काहीतरी समाजोपयोगी करायचं आहे, पैसा आहे, म्हणाला. कागावाने त्याला दानधर्म करू नका, ग्राहकांची सहकारी संस्था काढा, असा सल्ला दिला. त्यातून नाडा भागात एक आणि त्याच सुमारास कोबे शहरात कामगारांची एक, अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. सभासदाने भाग घ्यायचा, एका सभासदाला एकच मत, आणि नफा ज्याने जितका माल घेतला त्या प्रमाणात परत. महाराष्ट्राच्या वाचकाला याची फोड करून सांगायला नको. आपण सहकारावर जगलो आणि सहकारावरच भांडलो. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये एका छोट्या दुकानातून सुरू केलेला अपना बाजार मुंबईकरांना माहीत आहे. त्याच जातीचं हे काम. खाणावळीला जे जमलं नाही ते दुकानाला जमलं, कारण आता उधारी बुडवणारा स्वतःलाच बुडवत होता.

मात्र एक कडू गोष्ट इथे नोंदवायला हवी. या संस्था तगल्या आणि वाढल्या त्या नाडासारख्या भागातल्या पगारदार कुटुंबांच्या आणि गृहिणींच्या बळावर. शिनकावातल्या ज्या माणसाकडे संध्याकाळच्या तांदळाचे पैसे नव्हते, त्याच्याकडे भाग घ्यायला कुठून असणार? शिनकावाने ही कल्पना सुचवली. तिचं पीक मात्र शेजारच्या चांगल्या वस्तीत आलं.

याहून मोठी गोष्ट आता सांगतो. कागावाच्या भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत ती सहसा सापडत नाही. वस्तीतल्या निरीक्षणांवर त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिलं, 'दरिद्री लोकांच्या मानसशास्त्राचा अभ्यास'. ते १९१५ मध्ये निघालं. घरभाडी, मजुरी, आहार, जुगार, गुन्हे यांची त्यातली माहिती कष्टाने जमवलेली आहे. पण त्यात बुराकुमिनांविषयी जे लिहिलं आहे ते वाचवत नाही. बुराकुमिन म्हणजे जपानमधले अस्पृश्य. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं अशी कामं ज्यांच्या माथी मारली गेली, ज्यांची वस्ती वेगळी, लग्नं वेगळी. १८७१ मध्ये सरकारने हा भेद कायद्याने रद्द केला होता, म्हणजे कागदावर. कागावाने त्यांना वेगळ्या वंशाचे ठरवलं, हीन आणि गुन्हेगारी प्रवृत्ती त्यांच्या रक्तात असल्यासारखं लिहिलं. शेजारी राहून, त्यांच्या मुलांना मांडीवर घेऊन, त्यांची प्रेतं स्वतः धुऊन हे लिहिलं.

हे पुस्तक निघालं तेव्हा लेखक प्रिन्स्टनला होता. तिथून फार लांब नव्हे, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, तेव्हाच परळच्या चाळीतून गेलेला एक विद्यार्थी शिकत होता. ९ मे १९१६ रोजी भीमराव आंबेडकरांनी तिथल्या चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला आणि जातीचं मूळ वंशात नाही, जातीच्या आतच लग्न करण्याच्या सक्तीत आहे, असं मांडलं. ज्या प्रश्नावर वस्तीत राहायला गेलेला भला माणूस सपशेल चुकला, त्यावर जन्मापासून तो भोगलेल्याने अचूक बोट ठेवलं. शेजारी राहून भूक कळते, रोग कळतात, भाषाही येते. पण डोक्यात आधीच बसलेलं 'विज्ञान' शेजारी राहून निघून जात नाही.

१९२२ च्या मार्चमध्ये क्योटोत बुराकुमिन तरुणांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना स्थापली. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी. त्यांच्या जाहीरनाम्याचा रोख स्पष्ट होता. आमची कीव करून आमच्यासाठी चाललेल्या चळवळींनी आमचा अपमानच केला, आता आमचं आम्ही पाहू. गंमत अशी की स्थापनेपूर्वी यांतले काही तरुण कागावाला भेटून गेले होते आणि शेतकरी संघटनेच्या कामात तो त्यांचा सोबतीही होता. म्हणजे माणूस म्हणून तो त्यांच्या बाजूला उभा राहिला, पण पुस्तक त्यांच्या विरुद्ध बोलत राहिलं. त्याच्या मृत्यूनंतर समग्र वाङ्मय निघालं तेव्हा ते त्यात छापलं गेलं आणि त्यावरून जपानी चर्चमध्ये पुढे मोठा वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

वस्तीत जाऊन राहण्याचं हे वेड एकट्या कागावाचं नव्हतं. १८८४ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या पाद्री दांपत्याने टॉइन्बी हॉल काढला, विद्यापीठातल्या तरुणांनी गरिबांच्या शेजारी येऊन राहावं म्हणून. १८८९ मध्ये जेन ॲडम्सचं हल हाउस शिकागोत उभं राहिलं. मुंबईनेही हे पाहिलं, तेही आधी. १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मीची) पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली. तिचा प्रमुख फ्रेडरिक टकर आय.सी.एस.ची नोकरी सोडून आलेला. भगवे कपडे, डोक्याला फेटा, पाय अनवाणी, नाव फकीरसिंग. साहेबाने नेटिवासारखं राहणं हे साम्राज्याच्या प्रतिष्ठेला इतकं झोंबलं की रस्त्यात वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडलं. आणि आपले नारायण वामन टिळक! मिशनची पगारी नोकरी १९१७ मध्ये सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तो याच फाटकाच्या रागातून. ख्रिस्त हवा, पण बंगला नको, असं त्या दरबाराचं मला दिसणारं सूत्र.

मुंबईतली सर्वांत टिकाऊ गोष्ट मात्र नागपाड्यात घडली. अमेरिकन मराठी मिशनचा क्लिफर्ड मॅनशार्ट हा शिकागोत शिकलेला पाद्री १९२५ मध्ये इथे आला. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू सगळे एकमेकांना खेटून राहणाऱ्या, कामाठीपुऱ्याला लागून असलेल्या या भागात त्याने १९२७ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. वाचनालय, दवाखाना, व्याख्यानं, खेळ. तिथे धर्मांतराचा प्रचार करायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि मिशनच्या माणसाने हे ठरवणं सोपं नव्हतं. गरिबीवर काम करायचं तर ते काम शिकलेली माणसं हवीत, हे त्याला तिथे उमगलं. त्यातून १९३६ मध्ये, टाटांच्या विश्वस्त निधीच्या पैशाने, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क नागपाड्यातच सुरू झालं आणि मॅनशार्ट त्याचा पहिला संचालक झाला. तेच १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे देवनारचं टिस.

१९३८ च्या अखेरीस मद्रासजवळ तांबरमला जगभरच्या मिशनांची परिषद भरली, तिला कागावा आला होता. १९३९ च्या जानेवारीत बारडोलीला तो गांधीजींना भेटला. जपान तेव्हा चीनवर तुटून पडलं होतं. देशाच्या युद्धाबद्दल आपलं मत तिथे पाखंड ठरेल, असं त्याने सांगितलं. मग ते उघड बोला आणि त्यासाठी गोळी खायची तयारी ठेवा, असा गांधीजींचा सल्ला पडला. कागावाने तो अर्धाच पाळला. चीनची माफी मागितल्याबद्दल १९४० मध्ये लष्करी पोलिसांनी त्याला अटक केली. आणि युद्ध अंगावर आलं तेव्हा त्याच माणसाने रेडिओवरून अमेरिकेविरुद्ध भाषणंही दिली. त्याच्या चाहत्यांना हे सांगायला आवडत नाही.

शिनकावातला मुक्काम त्याने १९२३ च्या भूकंपाच्या सुमारास हलवला. टोकियो जळून राख झालं होतं आणि होंजो भागात तंबू ठोकून तो मदतीला लागला. १९२७ मध्ये जपानने गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेचा कायदा केला, त्यामागे त्याच्या लिखाणाचा आणि खटपटीचा हात होता. शिनकावाच्या चाळी पुढे पाडल्या गेल्या. त्या भागात आज त्याच्या नावाचं स्मारक-केंद्र आहे.

कोबे आणि नाडा इथल्या त्या दोन ग्राहक संस्था १९६२ मध्ये एक झाल्या. आजचं तिचं नाव कोप कोबे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं मेली आणि संस्थेचं मुख्य कार्यालय कोसळलं. आपत्तीत माल पुरवण्याचा करार संस्थेने शहराशी आधीच केलेला होता. ज्या दुकानांत उभं राहता येत होतं ती त्याच दिवशी उघडली, आणि अन्न वाटपाला निघालं. तिचे सभासद आज दहा लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत.

समाजकार्य शिकवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना एक विनंती. वर्गात कागावाचं नाव निघेल तेव्हा हातगाडी आणि भुताची खोली एवढ्यावर थांबू नका. १९१५ चं ते पुस्तक आणि १९१६ चा बाबासाहेबांचा निबंध शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना वाचायला लावा, आणि मगच त्यांना वस्तीत पाठवा.